मिस्ड कॉलवर मोटर: जुना ५६के मोडेम आणि आर्डुइनो, पावसाळ्यानंतरचा अनुभव

मोडेमच्या अडॅप्टरने अखेर मान टाकली, म्हणून लिहायला बसलोय.

संगमेश्वरजवळच्या घरी पोफळीच्या बागेची मोटर पुण्यातून चालवायची होती. घरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सिमकार्डवालं जीएसएम मॉड्यूल सुचवणाऱ्यांना आधीच नमस्कार. लँडलाइन आहे. भंगारातून एक्स्टर्नल मोडेम (फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावायचा जुना डबा) उचलला, मध्ये मोडेमचे व्होल्टेज आर्डुइनोला झेपतील असे करणारी मॅक्स२३२ची पट्टी, पुढे आर्डुइनो उनो. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो, घंटीच्या वेळी सुमारे ७५ व्होल्ट एसी. ते सगळं मोडेम अंगावर घेतो, उनोपर्यंत काही येत नाही.

रडवलं ते डीटीआरने, म्हणजे 'पलीकडे कॉम्प्युटर तयार आहे' हे मोडेमला सांगणाऱ्या तारेने. टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि ग्राउंड एवढ्याच तारा जोडल्या की मोडेमच्या मते पलीकडे कोणी नसतंच. दिवे लागलेले, आणि साहेब ढिम्म. शेवटी कॉम्प्युटरला लावून 'एटी&डी०&डब्ल्यू' (डीटीआरकडे बघू नको, आणि हे कायमचं लक्षात ठेव) दिलं, तेव्हा हलला. जुना मोडेम घेणाऱ्याने बाकी सगळं विसरावं, हे नाही.

पुण्यातून दुसऱ्या मोडेमने फोन लावायचा आणि टाकीची पातळी वाचायची, असा आधीचा बेत. चालायचं, पण दरवेळी किंचाळत हँडशेक (दोन मोडेमांची आधी ओळखपाळख) होणार आणि वर कॉलचे पैसे. मग डोक्यात आलं, उचलायचंच कशाला? 'एटीएस०=०' ठेवलं की मोडेम फोन उचलत नाही, पण प्रत्येक घंटीला सीरियल तारेवरून उनोला 'रिंग' असा शब्द पाठवतो. थोडी घंटी, कट, मिनिटभरात परत घंटी: मोटर चालू. खर्च शून्य! इथे मोडेमबद्दलचं माझं मत साफ पालटलं.

एक खोच आहे. आपल्याकडची घंटी जोडीने वाजते: ०.४ सेकंद, ०.२ गप्प, परत ०.४, मग २ सेकंद शांतता. माझा मोडेम त्या जोडीला कधी एक 'रिंग' म्हणतो, कधी दोन. म्हणून मोजणी सोडली. सहा सेकंद काही आलं नाही की कॉल संपला, असं धरतो. मोटरचा मोठा विजेवर चालणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर, त्याच्या कॉइलवर उनोचा रिले (छोटा स्विच) आहे, आणि चाळीस मिनिटांनी मोटर आपोआप बंद होते.

टाकी भरली की मोडेम मला मिस्ड कॉल देतो. 'एटीडीटी', नंबर आणि शेवटी अर्धविराम, म्हणजे तो कॅरिअरची (पलीकडच्या मोडेमच्या सुराची) वाट बघत बसत नाही. थोड्या वेळाने 'एटीएच', म्हणजे फोन ठेव. जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो, जुना कोड उचलणाऱ्यांनी तेवढं बघावं. एकदा सौ.नी कौतुकाने फोन उचलला, पडला एक कॉल.

मध्यंतरी तांब्याची लाइन गेली, फायबरचा डबा आला. म्हटलं, आटोपलं. पण घंटी आणि डायलिंग जसंच्या तसं चालू आहे. डेटा कॉल मात्र टिकत नाही. मला त्याचं सुतक नाही.

आता अडॅप्टर. याला ९ व्होल्ट एसी लागतो, एसी! बुधवार पेठेत जो तो डीसीच पुढे करतो, वर "चालेल हो" म्हणतो. शेवटी ०-९चा साधा ट्रान्सफॉर्मर घेतला, फ्यूज घालून डब्यात बसवला. शनिवारी गावी नेतो. तोवर शेजारचे काका मोटर लावताहेत, आणि लावली हे सांगायला माझ्याच लँडलाइनवरून मला फोन करून दहा-दहा मिनिटं बोलताहेत.