चार लाइनींचा एफएक्सओ गेटवे: आवाज झकास, टोन परदेशी

नाशकात ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) बसवायची कामं करतो. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनी सगळ्या टेबलांवर आयपी फोन घेतले, पण लँडलाइन नंबर सोडायला तयार नाहीत. ट्रकांच्या मागे तेच रंगवलेत. म्हणून हा गेटवे, म्हणजे लँडलाइनी आयपी फोनांना जोडणारा डबा. एका बाजूला एक्स्चेंजची ४८ व्होल्टची तांब्याची जोडी, दुसऱ्या बाजूला लॅन केबल आणि सिप (नेटवर्कवरून कॉल जोडायची-तोडायची पद्धत). (घेताना पोर्ट बघून घ्या. एक्स्चेंजच्या लाइनीला एफएक्सओ, साध्या फोनला एफएक्सएस. दुकानदारही गोंधळतात.)

आवाजाला नाव ठेवायला जागा नाही. कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) जी.७११ ए-लॉ ठेवला. ऑफिसातल्या ऑफिसात आवाज जास्त दाबणारा जी.७२९ लावून बँडविड्थ वाचवायची कशाला?

वैताग दिला तो लाइन सोडण्यानं. समोरच्यानं फोन ठेवला तरी कॉल कट होईना. दुपारपर्यंत चारही लाइनी अडकल्या आणि गिऱ्हाइकांना सगळे नंबर एंगेज. कारण काय, तर लाइनीवर बिझी टोन ओळखला की गेटवे कॉल तोडतो, पण त्याच्या आतले टोन अमेरिकेचे. तिकडचा बिझी टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला नुसता ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. गेटवेला वाटतं अजून कोणीतरी बोलतंय! मेन्यूत भारत नाहीच. कस्टममध्ये जाऊन ४०० आणि ७५०/७५० हाताने भरलं, तेव्हा लाइनी सुटायला लागल्या.

कॉलर आयडीचंही तेच. अमेरिकेत नंबर पहिल्या-दुसऱ्या रिंगच्या मधे एफएसकेने (मोडेमसारख्या सुरांनी) येतो. या लाइनींवर पोलॅरिटी (तारांचं अधिक-उणे) उलटते आणि रिंगच्या आधीच डीटीएमएफने (फोनची बटणं दाबल्यावरच्या सुरांनी) येतो. सेटिंग बदलल्यावर दिसायला लागला. बँकेच्या आयव्हीआरला (रेकॉर्डेड मेन्यूला) 'एक दाबा' जात नसेल, तर डीटीएमएफ आरएफसी २८३३ वर (बटणांचे टोन आवाजापासून वेगळे पाठवायची पद्धत) आहे का, दोन्हीकडे तपासा.

एवढी तांत्रिक कामं करावी लागतात आणि मॅन्युअलात यातलं अक्षर नाही, म्हणून पाचपैकी साडेतीन. सेटिंग करणारा माणूस हाताशी असेल तर बिनधास्त घ्या. पीआरआयवाल्यांनी, म्हणजे एका ई१ डिजिटल लाइनीवर ३० कॉल घेणाऱ्यांनी, याच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी ई१ चा गेटवे वेगळा मिळतो. आणि याला यूपीएस लावाच. लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून मिळते, या डब्याला नाही.