व्हॉट्सअ‍ॅपचा पोल: शेतकरी कंपनीच्या संचालक मंडळाला कितपत कामाचा?

लातूर, धाराशिव, हिंगोलीकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचा (म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांचा) बराचसा कारभार आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच चालतो. मोंढ्यातला भाव, महसूल मंडळातला पाऊस, बियाण्याच्या पिशवीचा फोटो, मधेच कुणाचं तरी शुभ सकाळ. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यात पोल, म्हणजे पर्याय देऊन मतं घ्यायची सोय, आला आणि बैठकीत व्हायचे निर्णयही हळूहळू तिथेच व्हायला लागले. इथे पोलची पारख एकाच कामासाठी केली आहे: 5 ते 15 संचालकांच्या मंडळाने पैशाचा निर्णय त्यावर घ्यावा का? सहल कुठे न्यायची, यासाठी तो झकास आहे, त्याबद्दल वाद नाही.

आधी चांगलं ते सांगू. फुकट आहे, सगळ्यांच्या फोनात आहे, शिकवावा लागत नाही. अँड्रॉइडवर पिनेचं चिन्ह, आयफोनवर अधिकचं चिन्ह दाबा, पोल निवडा, प्रश्न लिहा, 12 पर्यंत पर्याय टाका, पाठवा. बैठक मंगळवारी घ्यायची की शुक्रवारी, माती परीक्षणाची गाडी कोणत्या गावाला आधी पाठवायची, जेवणाला किती जण, अशा कामांत फोनाफोनीचा निम्मा दिवस वाचतो. कोरमचा, म्हणजे किमान हजेरीचा, अंदाज घ्यायलाही बरा. उत्पादक कंपनीच्या बैठकीला एक तृतीयांश संचालक, आणि कमीत कमी 3, हजर लागतात. आदल्या दिवशीच पोलवर 'येणार' म्हणणारे मोजले की चहा सांगायचा की बैठक पुढे ढकलायची, ते कळतं.

एक बटण मात्र नीट बघा. एकाहून जास्त उत्तरांना परवानगी देणारं बटण बहुतेक वेळा आधीपासून चालूच असतं. ते बंद केलं नाही तर एक संचालक 'विका' आणि 'ठेवा' दोन्हींवर टिचकी मारून मोकळा होतो आणि मतांची बेरीज हजर माणसांपेक्षा जास्त भरते. एकच मत देण्याची सोय मे 2023 मध्ये आली, तरी जुन्या सवयीचे पोल अजून तसेच फिरतात.

आता खरी अडचण. ग्रुपमधल्या पोलमध्ये कुणी कुठे मत दिलं ते नावानिशी दिसतं. अध्यक्षांनी पोल टाकायचा आणि पहिलं मतही त्यांचंच, ही नेहमीची रीत. पुढचा माणूस फोन उघडतो तेव्हा त्याला प्रश्नाच्या आधी अध्यक्षांचं नाव दिसतं. "दादांनीच तिकडं दिलंय म्हणल्यावर आपण कशाला वाकडं जायचं?" हा विचार भित्रेपणाचा नाही. ज्या माणसाशी ऊसतोड, सोयरिक, सोसायटीचं कर्ज असे दहा धागे जुळलेत, त्याच्याविरुद्ध उघड मत देण्याची किंमत गावात रोज मोजावी लागते.

हे गावापुरतंच नाही. अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास साधा प्रयोग केला: कार्डावरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी, ते सांगायचं. उत्तर डोळ्याला दिसण्याइतकं सोपं. पण आधीच्या माणसांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की, खऱ्या सहभागी माणसांची अशा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकीची यायची. उत्तर कुणाला न सांगता कागदावर लिहायला दिलं की हे प्रमाण झपाट्याने खाली यायचं. रेघेच्या बाबतीत ही गत, तर सोयाबीनच्या भावाबद्दल बोलायलाच नको.

दुसरा दोष पर्यायांचा. "सोयाबीन विकायचं का? हो / नाही" असा पोल दहा मिनिटांत निकाल देतो आणि त्यातून काहीच कळत नाही. समजा, माल 400 क्विंटल, आजचा भाव 4,400 रुपये, म्हणजे 17,60,000 रुपयांचा माल. ठेवायचा म्हटलं तर तोवर पैशाची सोय म्हणून माल तारण ठेवून कर्ज काढणं आलं. हिशोबाला राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचे आकडे धरू: किमतीच्या 75 टक्के रक्कम, 6 टक्के व्याज, 180 दिवस. (ती योजना शेतकऱ्याच्या नावावर चालते, कंपनीने गोदाम पावतीवर बँकेकडून काढलं तर दर वेगळा पडेल.) कर्ज 13,20,000, व्याज साधारण 39,000. माल 12 टक्के ओलाव्याने आत गेला आणि 10 टक्क्यांवर वाळला तर वजन 400 चं 391 क्विंटल. म्हणजे भाव 4,600 झाला तरी कंपनी जिथल्या तिथेच, आणि गोदामभाडं, हमाली, फवारणी यांचा खर्च त्यावर चढतोच. 'अजून दोनशे वाढले की काढू' म्हणणाऱ्याने हा हिशोब बघितला तर तो गप्प बसेल किंवा पाचशेचं बोलेल.

हिशोब अवघड नाही, पण त्याचे तुकडे वेगवेगळ्या डोक्यांत असतात. ओलावा गोदाम सांभाळणाऱ्या पोराला माहीत, व्याज हिशोबनिसाला माहीत, आणि कोणत्या सभासदाला लेकीच्या लग्नासाठी पैसे पंधरवड्यात लागणार आहेत ते त्या गावच्या संचालकाला माहीत. पोल या तिघांकडचं काहीच गोळा करत नाही, नुसती बोटं मोजतो. त्यातले पहिले दोघे तर संचालकांच्या ग्रुपमध्येच नसतात. 1986 साली अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडायच्या आदल्या रात्री थंडीत रॉकेटमधली रबरी कडी दगा देईल असं ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते. शेवटचा कौल मात्र चार वरिष्ठ व्यवस्थापकांनी आपसात घेतला. ज्याला माहिती आहे तो मतदानाबाहेर, ही चूक तिथे सात जीव घेऊन गेली. इथे क्विंटलमागे दोनशे रुपये जातात, एवढाच फरक.

तिसरं म्हणजे न बोलणारे. 11 जणांच्या मंडळात 6 जणांनी मत दिलं, 5 विरुद्ध 1. स्क्रीनवर हे एकमत वाटतं. पण 11 पैकी 5 म्हणजे बहुमतसुद्धा नाही. निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे. त्यात महिला संचालकांचा फोन कित्येकदा घरातल्या पोराच्या हातात असतो, तेव्हा टिचकी कुणी मारली हा प्रश्न राहतोच. शिवाय दिलेलं मत काढून दुसरीकडे देता येतं आणि आधीची खूण उरत नाही. सकाळचा स्क्रीनशॉट आणि रात्रीचा स्क्रीनशॉट जुळला नाही की वार्षिक सभेत त्यावरून जी जुंपते ती सोडवायला पुन्हा अध्यक्षच.

मग वापरायचा कसा? पोल बैठकीच्या आधी आणि नंतर ठेवा. मधलं काम कागदाला द्या. कायद्याने बैठकीची लेखी सूचना 7 दिवस आधी द्यावी लागते. त्या सूचनेसोबत वरच्यासारखा एक पानाचा हिशोब जाऊ द्या, आणि गोदामवाल्याला व हिशोबनिसाला बैठकीला बोलवा. बैठक सुरू झाली की चर्चेआधी एकसारख्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटा. दोनच ओळी: काय करावं, आणि कोणती माहिती मिळाली तर माझं मत बदलेल. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, अध्यक्षांनी तर नाहीच. दुसरी ओळ फार कामाची आहे. 'ओलावा किती ते कळलं तर' असं चौघांनी लिहिलं की चर्चा कुठून सुरू करायची ते आपोआप ठरतं.

नऊ-दहा जणांत अक्षर ओळखू येतं, म्हणून चिठ्ठ्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने गोळा करून स्वतः वाचाव्यात, हातोहात फिरवू नयेत. लिहायला अवघडणारे असतील तर झाकणाला भोक पाडलेला स्टीलचा डबा आणि दाणे: सोयाबीनचा दाणा म्हणजे विका, तुरीचा म्हणजे ठेवा. मूठ मिटून डब्यात घालायची. दाणे दोन्ही प्रत्येकाला द्या आणि उरलेला दुसऱ्या डब्यात टाकायला लावा, नाहीतर हातात राहिलेला दाणा सगळं सांगून टाकतो.

मग गोदामवाला तीन मिनिटं, हिशोबनीस तीन मिनिटं, अध्यक्ष सगळ्यांत शेवटी. पर्याय दोनाचे चार होऊ द्या: सगळं विका, अर्धं विका, सगळं ठेवा, हमीभाव केंद्रावर न्या. ज्या पर्यायाकडे कल झुकेल त्याची एक उलटतपासणी घ्या. गॅरी क्लाइन या अमेरिकी संशोधकाने 2007 मध्ये ही पद्धत मांडली: समजा मार्च उजाडला आणि या निर्णयाने आपण खड्ड्यात गेलो, का गेलो ते प्रत्येकाने लिहा. 'काय चुकू शकेल?' विचारलं की माणसं 'काही नाही, होईल सगळं नीट' म्हणतात. तोटा झालाच असं धरून विचारलं की मात्र गोदामाचा गळका पत्रा, बारदाना, आयातीचा निर्णय, बँकेची मुदत, सगळं बाहेर येतं, कारण आता शंका काढणं हेच काम असतं, अध्यक्षांना विरोध नसतो. या सगळ्याला तास-सव्वा तास लागतो. खतं-बियाण्याच्या दहा पिशव्यांसाठी एवढं करू नका, लोक कंटाळतील.

शेवटचं मत पुन्हा चिठ्ठीने, आणि निकाल इतिवृत्तात. पोलचा स्क्रीनशॉट ही इतिवृत्ताची जागा नव्हे. ठरावाखाली चार गोष्टी हव्यात: त्या दिवशीचा भाव आणि ओलावा, निर्णयाचं कारण, विरोधातलं मत, आणि पुन्हा बसायची अट. ही अट आकड्यात लिहा: 'भाव 4,200 खाली गेला किंवा 31 जानेवारी उजाडला, जे आधी होईल तेव्हा बैठक.' ती नसली की 'थोडं थांबू' म्हणत माल पुढच्या पेरणीपर्यंत पडून राहतो आणि चूक मान्य करण्याऐवजी व्याज भरलं जातं.

पर्यायांचंही थोडक्यात. टेलिग्रामच्या पोलमध्ये नाव लपवता येतं, पण त्यासाठी सगळ्या संचालकांना नवं अ‍ॅप घ्यायला लावणं जिकिरीचं. गुगल फॉर्म ईमेल न मागता ठेवला तर निनावी राहतो आणि कारणही लिहून घेता येतं. परगावी असलेल्या संचालकांकडून आधी मत मागवायला तो पोलपेक्षा सरस. तोटा एवढाच की लिंक पुढे गेली तर एकाचे दोन फॉर्म येऊ शकतात, म्हणून आलेले फॉर्म आणि संचालकांची संख्या ताडून बघा.

गुण: तारीख, जागा, हजेरी ठरवायला 5 पैकी साडेचार. खरेदी-विक्री, कर्ज, नेमणूक यांसाठी 5 पैकी दीड, आणि तो दीडही मंडळाने आधी चिठ्ठ्या टाकल्या असतील तरच. अध्यक्ष पोल टाकणार असतील तर निदान स्वतःचं मत शेवटी द्यावं, आणि पर्यायांत एक ओळ वाढवावी: 'माहिती अपुरी आहे, बैठक घ्या.' या ओळीवर तीन मतं पडली की पोल तिथेच थांबवून सूचना काढायची.