५६००जी, १६ जीबी रॅम आणि सोलापूरचा उन्हाळा: वर्षभराच्या वापरानंतर

आधीच सांगते, वर्षापूर्वी जुळवून घेतलेला हा पीसी, म्हणजे माझं मशीन, चांगलं आहे. आजही सगळं काम त्याच्यावरच चालतं आणि एवढ्या पैशात मी पुन्हा हेच घेईन. तरी हे लिखाण लांबणार आहे, आणि त्याला कारण रॅम, म्हणजे काम चालू असताना डेटा धरून ठेवणारी मेमरी. चाळीस हजारांच्या आसपास पीसी जुळवायचा म्हटलं की प्रोसेसर कुठला, एसएसडी (फाइल साठवणारी डिस्क) किती, हे सांगणारे ढीगभर भेटतात. रॅमचा विषय मात्र "सोळा टाका, बास" एवढ्यावर संपतो. माझ्याकडे तो तिथून सुरू झाला.

मशीन असं: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० चिपसेटचा, रॅमच्या दोन स्लॉटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक (रॅमच्या पट्ट्या, ३२०० हा त्यांचा वेग), ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि साधा पण नावाजलेला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). वेगळं ग्राफिक कार्ड नाही. बोर्ड आणि रॅम कोणत्या कंपनीची, ते मुद्दाम लिहीत नाही. खराब नग कुणाच्याही कारखान्यातून येऊ शकतो, आणि एका नगावरून कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझं काम चादर आणि टॉवेलच्या जेकार्ड (विणतानाच कापडात नक्षी उमटवायच्या) डिझाइनचं. घर अशोक चौकाच्या पुढे, मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खटखट आणि हवेत सुताचं बारीक तूस. काम करते ती खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

गड्डा (सोलापुरातली जानेवारीची जत्रा) उठायच्या आत मशीन घरी आलं. पहिले दोन-अडीच महिने तक्रारीला जागा नव्हती. जुन्या मशीनवर मोठा ग्राफ (डिझाइनचा चौकटीचौकटींचा आराखडा) उघडला की चहा टाकून यायला वेळ मिळायचा, तो बंद झाला. ५६००जी मध्ये सहा कोअर आणि ग्राफिक्स आतच. पण हे आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी घेऊन येत नाही, ते तुमच्याच रॅममधून वाटा घेतं. म्हणून १६ जीबीचे पैसे मोजूनही विंडोजमध्ये वापरायला १३.९ दिसतात, कारण २ जीबी बायोसने (मशीन सुरू होताना बोर्डावर चालणाऱ्या मूळ प्रोग्रामने) ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली असते. दुकानदाराने फसवलं असं वाटून घेऊ नका. बायोसमध्ये जाऊन तो वाटा कमी करता येतो. मी ५१२ एमबीवर आणलाय, माझ्या कामात काडीचा फरक पडला नाही. गेम खेळणाऱ्यांनी मात्र हात लावू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे डब्यावर ३२०० लिहिलंय म्हणून रॅम ३२०० वर चालतेच असं नाही. माझी दुकानातून आली तेव्हा २६६६ वर चालत होती. अशा रॅमला ३२०० हा वेग बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग, चालू केल्यावर मिळतो. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. ते चालू केलं की व्होल्टेजही १.२ वरून १.३५ वर जातं. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, त्यामुळे १६०० चे ३२०० होतात.

मार्च संपता संपता पहिली ब्लू स्क्रीन (विंडोज कोलमडल्यावर येणारी निळी स्क्रीन) आली. कारण लिहिलेलं, मेमरी मॅनेजमेंट. दोन दिवसांनी पुन्हा, या वेळी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. मग आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. मध्येच ब्राउझरचे टॅब आपोआप मरायचे, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) यायची आणि तीच फाइल संध्याकाळी मुकाट उघडायची. एकच एरर पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रायव्हरचा (एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचा) संशय घ्यावा. दरवेळी कारण वेगळं आणि प्रोग्रामही वेगळा असेल, तर पहिलं बोट रॅमकडे जायला हवं.

शहरातल्या एका दुकानात दाखवलं. "रॅम कधी जात नसती ओ ताई, विंडोज मारा नवीन." विंडोज मारलं. चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. रॅम कधीच जात नाही, हा समज सोलापुरातच आहे असं नाही, सगळीकडे आहे. हार्ड डिस्क किंवा एसएमपीएसच्या मानाने ती कमी जाते हे खरं. पण जाते तेव्हा विंडोज नवं टाकण्याइतकं निरुपयोगी काम दुसरं नाही, कारण नवं विंडोजही त्याच फुटक्या मेमरीतून डिस्कवर उतरतं.

खरा धक्का डिझाइनच्या फाइलने दिला. एका टॉवेलच्या बॉर्डरची फाइल सकाळी गिऱ्हाइकाला मेल केली होती. दुपारी त्यातच थोडं काम करायला घेतलं, सेव्ह केली, आणि ग्राफ मोठा करून तपासताना पांढऱ्या जमिनीत एक काळा ठिपका दिसला. जेकार्डच्या ग्राफमध्ये एक ठिपका म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. चुकीचा ठिपका मागावर गेला, की नको तिथे दोरा उचलला जातो आणि तीच चूक प्रत्येक रिपीटमध्ये उमटते. मी तिथे हातही लावला नव्हता.

मेलमधली सकाळची फाइल उतरवून घेतली. दुपारी केलेलं काम त्यातही तसंच करून ती वेगळ्या नावाने सेव्ह केली आणि दोन्ही फाइल कमांड प्रॉम्प्टमध्ये एफसी या कमांडने तपासल्या. पुढे /बी लावलं, की ती दोन फाइलींचा एकेक बाइट ताडून पाहते. हजारो बाइटांमधून एकच ओळ आली. एका जागी चांगल्या फाइलमध्ये ०३, बिघडलेल्यात २३. हे आकडे हेक्साडेसिमल (दहाऐवजी सोळाच्या पायावरचे), म्हणजे तीन नंबरच्या रंगाचा पस्तीस नंबर झाला होता. माझ्या पॅलेटमध्ये जेमतेम डझनभर रंग, पस्तीस नंबरला काहीच नाही, म्हणून काळं. ३ आणि ३५ मधला फरक ३२, म्हणजे बाइटमधल्या आठपैकी नेमकं एक बिट उलटलेलं. एसएसडी बिघडते तेव्हा सहसा अख्खा ब्लॉक वाचता येत नाही. एकच बिट गुपचूप उलटणं हे रॅमचं लक्षण.

घरगुती मशीनच्या रॅमला ही चूक कळतही नाही. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती एका बिटाची चूक ओळखून दुरुस्त करते. आपल्याकडे जे मेमरीत आहे तेच खरं मानून सेव्ह होतं. ब्लू स्क्रीन त्या मानाने सज्जन म्हणायची, निदान सांगून तरी जाते.

भाच्याने पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. हे विंडोजच्या बाहेर, थेट पेनड्राइव्हवरून चालतं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला त्यात कितीतरी तास जातात. "आत्या, रात्री लावून झोप, सकाळी निकाल बघ." तसं केलं. सकाळी हिरवं, एकही एरर नाही. त्याआधी विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिकही पास झालं होतं. ते लावलंच तर सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा, नाहीतर ते वरवरचं बघून सोडून देतं.

इथे बरेच जण रॅमला क्लीन चिट देऊन मोकळे होतात आणि पुढे एसएमपीएस बदला, बोर्ड बदला असा खर्चाचा रस्ता सुरू होतो. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. सगळे बिघाड जेवणानंतरचे होते, साधारण एक ते पाचमधले. सकाळी किंवा रात्री एकही नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि स्लॅबखालच्या त्या खोलीत दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. म्हणून तीच टेस्ट दुपारी बाराला लावली. कॅबिनेट बंद, खिडकी बंद, रोज काम करते तशीच खोली. तासाभरात लाल ओळी यायला लागल्या. खाली एरर बिट्सचा मास्क, म्हणजे कुठलं बिट चुकलं ते सांगणारा आकडा, दिसतो, त्यात शेवटी २०. हेक्साडेसिमलमधलं २० म्हणजे आपलं ३२. टॉवेलवर काळा ठिपका उमटवणारं बिट हेच.

असं का होतं, तर रॅममधलं प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म कपॅसिटरमधला चार्ज असतो आणि तो सतत गळत असतो. गळकी घागर पुन्हा पुन्हा भरत राहावी तशी रॅम दर ६४ मिलिसेकंदांत सगळे कप्पे ताजे करते. तापमान वाढलं की गळती वाढते. म्हणूनच डीडीआर४ च्या मानकात चिप ८५ अंशांच्या वर गेली तर दुप्पट वेगाने ताजं करायची तरतूद आहे. एखादा कप्पा जन्मजात कमजोर असेल, तर तो गारव्यात ६४ मिलिसेकंद कसाबसा तग धरतो आणि उकाड्यात त्याआधीच रिकामा होतो. रात्रीच्या टेस्टमध्ये तो सापडणार कसा?

पुढचं काम चिकाटीचं. आधी एक्सएमपी बंद करून टेस्ट घेतली. एरर कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. हे महत्त्वाचं आहे. फक्त ३२०० वर एरर आणि मूळ वेगावर काहीच नाही, असं असेल तर दोष सेटिंगचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरचाही असू शकतो. तिथे बायोस अपडेट करून किंवा वेग एक पायरी उतरवून भागतं. मूळ वेगावरही एरर आली, की संशय स्टिक किंवा स्लॉटवर येतो. मग एकच स्टिक ठेवून टेस्ट, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी दुपारीच. एक साफ सुटली. दुसरीने एरर दिल्या, आणि तिला दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं तिथेही दिल्या. स्लॉट निर्दोष, स्टिक दोषी.

रॅम काढताना स्विच बंद करून वायर ओढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज जाऊ द्या, आणि बसवताना क्लिप टक्क वाजेपर्यंत दाबा. सोनेरी पिना मऊ खोडरबरने पुसल्याने बरेचदा काम होतं, माझ्याकडे नाही झालं. खोडरबराचा चुरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला वेळ लागतो, बोर्ड मेमरीची जुळणी करत असतो. लगेच बटण दाबून बंद करू नका. चुकूनमाकून मेमटेस्टच्या फक्त तेराव्या टेस्टमध्ये, म्हणजे हॅमर टेस्टमध्ये, एरर आली तर एवढं मनावर घ्यायचं कारण नाही, ती मुद्दाम छळणारी टेस्ट आहे.

वॉरंटीत दोन्ही स्टिक पाठवाव्या लागल्या, कारण जोडी एका डब्यात विकलेली होती. मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि एक्सएमपी बंद असतानाचा निकाल जोडला, त्यामुळे हुज्जत झाली नाही. पाठवण्याआधी स्टिकवरच्या लेबलचा, सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. तोवर भाच्याची एक ८ जीबीची स्टिक लावून काम चालवलं आणि ड्युअल चॅनल (दोन स्टिकनी एकाच वेळी डेटा देणं) म्हणजे काय ते तेव्हा कळलं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. आतलं ग्राफिक्स त्याच रस्त्यावर असल्याने ग्राफ सरकवताना चित्र अडखळायचं. म्हणून सुरुवातीला १६ ची एकच स्टिक घ्या, पुढे दुसरी टाकू, हा सल्ला ५६००जी वर ऐकू नका. दोन आठ-आठच घ्या, तेही एकाच डब्यातले.

नव्या स्टिक मे महिन्यात आल्या. दुपारीच तपासल्या, चारही फेऱ्यांत शून्य. नंतर एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइल तपासणारी कमांड चालवली, विंडोजच्या काही फाइल बिघडलेल्या सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. एप्रिलमध्ये सेव्ह केलेल्या डिझाइन मात्र एकेक करून डोळ्यांनी तपासाव्या लागल्या, त्याला दुसरा उपाय नव्हता.

हवेचीही सोय केली. कॅबिनेट पुढून काचेचं, दिसायला देखणं, पण हवा आत जायला फक्त फटी, आणि त्या तुसाने बुजलेल्या. प्रोसेसरचा पंखा गरम हवा खाली बोर्डावर मारतो, ती शेजारच्या रॅमलाच शेकते. पुढे जाळीसह १२० एमएमचा एक पंखा लावला आणि कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. जाळी दर पंधरवड्याला झाडते. यंत्रमागाच्या गल्लीत राहणाऱ्यांनी काचेचं कॅबिनेट घेऊच नये, जाळीचं घ्यावं. बाकी तक्रार म्हणजे सोबत आलेल्या पंख्याचा आवाज, तो मागाच्या खटखटीत ऐकू येत नाही.

मी घेतली तेव्हा रॅम स्वस्त होती. २०२५ च्या शेवटाला भाव असे चढले, की आता बरेच जण जुनी रॅम शोधतायत. घ्यायचीच असेल तर लेबल शाबूत असलेली घ्या, कारण फाटलेल्या लेबलवर वॉरंटी मिळत नाही. विकणारा म्हणाला, "रात्रभर टेस्ट लावली होती," तर त्याला विचारा, कुठल्या महिन्यात?