तडजोड एक, अहवाल दोन: अमेरिकेची डेटा बँक आणि कॅलिफोर्नियाचे मेडिकल बोर्ड

कॅलिफोर्नियात डॉक्टरवरचा निष्काळजीपणाचा दावा पैसे देऊन मिटला, तर ते कळवण्याचे दोन वेगळे नियम लागू होतात आणि गफलत बहुधा रकमेत होते. नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेला (अशा रकमांची नोंद ठेवणारी अमेरिकेच्या केंद्र सरकारची यंत्रणा) कळवण्यासाठी किमान रक्कमच नाही. लेखी दाव्यापोटी डॉक्टरच्या वतीने एक डॉलर दिला तरी कळवावे लागते. मेडिकल बोर्डाकडे (डॉक्टरांना परवाना देणारी राज्याची संस्था) मात्र तडजोड 30,000 डॉलरच्या वर असेल तरच. लवादाचा किंवा न्यायालयाचा निवाडा असेल, तर कितीही रकमेचा.

मुदत दोन्हीकडे 30 दिवस, पण घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू होते. डेटा बँकेसाठी पैसे दिल्यापासून (हप्ते असतील तर पहिल्या हप्त्यापासून), बोर्डासाठी तडजोडीचा करार लेखी होऊन सर्व पक्षांच्या सह्या झाल्यापासून. चेकची वाट पाहणारा बोर्डाची मुदत चुकवतो.

अहवाल सहसा विमा कंपनी देते. डॉक्टरने स्वतःच्या खिशातून पैसे दिले, तर डेटा बँकेत नोंद होत नाही. मात्र त्याच्या व्यावसायिक कंपनीच्या खात्यातून दिले, तर होते. विमा नसलेल्या डॉक्टरने बोर्डाला स्वतःच कळवायचे असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

डेटा बँक सर्वसामान्यांना पाहता येत नाही. रुग्णालये ती नेमणुकीच्या वेळी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासतात.