अकोल्याचा उन्हाळा आणि ८५० वॅटचा पॉवर सप्लाय : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास आमच्या भागातली लाईन गेली, तेव्हा एका लग्नाच्या व्हिडिओचा रेंडर, म्हणजे एडिट झाल्यावर अंतिम फाइल बनवायचं काम, ८१ टक्क्यांवर होता. कूलरचा पंखा हळू होत थांबला, ट्यूबलाइट लुकलुकली, इन्व्हर्टरने ‘टक्’ केलं. मी खुर्चीतून अर्धवट उठलो होतो. स्क्रीनवरचा आकडा ८२ झाला आणि मी परत बसलो. आदल्या उन्हाळ्यात या क्षणी स्क्रीन काळी व्हायची आणि मुलीच्या वडिलांना फोन करून ‘काका, उद्या देतो’ म्हणावं लागायचं.

फरक पडला तो सीसॉनिक प्राइम टीएक्स-८५० या पॉवर सप्लायमुळे, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणाऱ्या डब्यामुळे. फेब्रुवारीत बसवला, आता नोव्हेंबर सुरू आहे. मशीन म्हणजे रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आणि चार हार्ड डिस्क असलेला कॉम्प्युटर. दिवसाला आठ तास चालतं, लग्नसराईत रात्रभरही. वीज किती कमी वाया जाते यावरून सप्लायला ब्रॉन्झ, गोल्ड, टायटॅनियम असे चढते दर्जे असतात, आणि हा टायटॅनियम आहे. त्याच वॅटच्या गोल्ड सप्लायपेक्षा जवळपास दुप्पट पैसे मोजले, म्हणून पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही ते सविस्तर लिहितो.

आधीचा सप्लाय ६५० वॅटचा, ब्रॉन्झ दर्जाचा. कागदावर तो पुरायला हवा होता, कारण ३०८० कार्डाचा आकडा ३२० वॅट आणि प्रोसेसरची मर्यादा १४२. पण हे आकडे सरासरीचे असतात. कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं त्याहून बरंच जास्त खेचतं, आणि त्या झटक्याला सप्लायचं संरक्षण ‘ओव्हरलोड’ समजून मशीन बंद करतं. माझं मशीन नेमकं रेंडरचं बटण दाबल्या दाबल्या बंद पडायचं. दोन महिने मी रॅम बदलत बसलो, विंडोज दोनदा नव्याने टाकलं. शेवटी रेंडर चालू असताना मल्टीमीटर लावला तर १२ व्होल्टच्या तारेवर ११.५ दिसले. नियमात ११.४ पर्यंत चालतं, म्हणजे तो अगदी कडेवर उभा होता. नव्या सप्लायवर रिकाम्या मशीनला १२.०८ आणि पूर्ण भाराला १२.०४ येतात. फेब्रुवारीत मोजले, मेमध्ये मोजले, परवा पुन्हा मोजले. आकडा हललेला नाही.

आता लाईनचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. लाईन जाऊन इन्व्हर्टर भार उचलेपर्यंत जो रिकामा वेळ जातो, तेवढा वेळ मशीन सप्लायच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तगतं. घरावरच्या टाकीसारखंच आहे हे. नळ थांबला तरी टाकीत पाणी असेपर्यंत खाली धार चालू राहते. स्वस्त सप्लायमध्ये ही टाकी लहान ठेवतात, कारण चांगला कपॅसिटर महाग पडतो. एटीएक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या सप्लायसाठी इंटेलने घालून दिलेले नियम. त्यांतल्या जुन्या नियमांत साधारण १७ मिलिसेकंद टिकण्याची अपेक्षा आहे, आणि माझा भार निम्माच असल्याने मला त्याहून जास्त वेळ मिळतो.

पण नुसता सप्लाय बदलून भागलं नाही. माझ्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत यूपीएस मोडवर बदलायला १५ मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि नॉर्मल मोडवर ४० पर्यंत वेळ दिला आहे. मागचं छोटं बटण वर्षानुवर्षं नॉर्मलवर होतं. ४० मिलिसेकंद कितीही महागडा सप्लाय तग धरेलच असं नाही. बटण यूपीएसवर केलं, तर दुसरी अडचण आली. या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो, आणि मे महिन्यात गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की आमच्याकडे १७५ येतात. त्यामुळे दुपारभर टक्-टक् चालायचं. सप्लायला १७५ ची काहीच अडचण नाही, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण प्रत्येक ‘टक्’ला त्याच्या टाकीची परीक्षा व्हायची. सुरुवातीला वहीत खुणा करत होतो, चाळीसच्या पुढे सोडून दिलं. मशीन एकदाही रीस्टार्ट झालं नाही. माझ्यापुरते पैसे इथेच वसूल झाले.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच गुळगुळीत लहर देणारा आहे हे मुद्दाम सांगतो. चांगल्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे विजेच्या लहरीप्रमाणेच करंट खेचणारं सर्किट असतं, आणि स्क्वेअर वेव्हचे जुने इन्व्हर्टर किंवा स्वस्त यूपीएस त्याच्याशी जुळवून घेतीलच असं नाही. बॅटरीवर जाताच यूपीएस ओव्हरलोड दाखवतो आणि माणूस नव्या सप्लायला दोष देतो.

वीज बचतीबद्दल स्पष्ट बोलू या, कारण टायटॅनियमची पाटी दाखवून दुकानदार हेच विकतो. गोल्ड घेतला असता तर ४०० वॅट भाराला भिंतीतून साधारण ४३५ वॅट ओढले असते, हा ४२० च्या आसपास ओढतो. महिन्याला २०० तास धरले तर तीन युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर तीस रुपये. या हिशेबाने वरचे पैसे कधीच फिटत नाहीत. बिलासाठी कुणी टायटॅनियम घेऊ नये. खरा फायदा उष्णतेत आहे. वाया गेलेला प्रत्येक वॅट सप्लायच्या पोटात उष्णता होऊन बसतो, आणि कपॅसिटरचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. हे दर्जे ठरवणारी ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. माझ्या खोलीत कूलर लावूनही मेमध्ये ३८ असतात, लाईन गेली की चाळिशी पार. त्यामुळे पाटीपेक्षा तो पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत देतो आणि वॉरंटी किती, हे आधी बघा. याची वॉरंटी १२ वर्षांची आहे.

सप्लायच्या हायब्रिड मोडमध्ये कमी भाराला त्याचा पंखा फिरतच नाही. फेब्रुवारीत ती शांतता फार आवडली, ऑडिओ मिक्स करताना तर विशेष. एप्रिलपासून मात्र मी तो मोड बंद ठेवला. पंखा १३५ मिलिमीटरचा आहे, सावकाश फिरतो, कूलरपुढे त्याचा आवाज कळत नाही. दिवाळीनंतर पुन्हा हायब्रिडवर टाकला.

बसवतानाच्या दोन गोष्टी. लांबी १७० मिलिमीटर आहे, मला कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा एक पिंजरा काढावा लागला. आणि जुन्या सप्लायच्या केबल नव्याला चुकूनही लावू नका. प्लग बसतो, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. वाशीमच्या माझ्या मित्राने वायरिंग उपसायचा कंटाळा म्हणून हार्ड डिस्कला वीज देणारी जुनी साटा केबल तशीच ठेवली. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले आणि दोन डिस्क जागच्या जागी मेल्या. एकीवर बॅकअप नसलेलं अख्खं लग्न होतं. त्या कुटुंबाला आता काय सांगायचं, हे विचारायला तो रात्री अकराला माझ्याकडे आला होता. कार्डालाही प्रत्येक आठ पिनी सॉकेटसाठी वेगळी केबल द्या, एकाच केबलच्या दोन फाट्यांवर भागवू नका.

नवा सप्लाय बसवल्यावर आठवडाभरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. मला वाटलं पीस खराब निघाला. तसं नव्हतं. सप्लायच्या तोंडाशीच फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचं धातू निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजले तर ४१ व्होल्ट. वीस वर्षांपूर्वीचा अंगणातला खड्डा पार कोरडा पडला होता. इलेक्ट्रिशियनने नवीन पट्टी, कोळसा आणि मीठ घालून तो भरला, वर चार बादल्या पाणी ओतलं, आणि आकडा दोनवर आला. झिणझिण्या त्याच दिवशी गेल्या.

ज्यांचं मशीन फक्त फोटो आणि अल्बम डिझाइनचं आहे त्यांनी इतका खर्च करू नये. माझ्या दुसऱ्या मशीनला ५५० वॅटचा गोल्ड आहे आणि तो समाधानाने चालतो. नवीन पिढीचं मोठं कार्ड घेणाऱ्याने मात्र एटीएक्स ३.१ लिहिलेलाच सप्लाय बघावा. कार्डाचे ते मिलिसेकंदांचे झटके सोसण्याची अट २०२२ च्या ३.० नियमांपासून लेखी आली आहे, माझ्या मॉडेलच्या वेळी ती नव्हती.

अर्थिंगच्या खड्ड्यात आता दर रविवारी एक बादली पाणी जातं, आई तुळशीला घालते त्याच वेळी.