हैदराबाद एफसीचा २०२३-२४ चा सीझन : गच्चीबावलीच्या स्टँडमधून रिव्ह्यू

स्टार आधीच देऊन टाकते. मैदानात उतरलेल्या पोरांना पाचपैकी पाच. कोचला चार. आणि टीम कशी बांधली, कोणाला ठेवलं, कोणाला जाऊ दिलं या खात्याला एक, तोही एकाच निर्णयासाठी, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

हैदराबाद एफसी हा फुटबॉल क्लब आता हैदराबादमध्ये राहिलेलाच नाही, २०२५ मध्ये दिल्लीला गेला आणि नावही बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं, त्यामुळे हे वाचून कोणी तिकीट काढायला जाणार नाहीये. तरी लिहितेय, कारण मालकाचा पैसा आटला की टीमचं काय होतं हे मी दोनदा पाहिलंय, एकदा पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर आणि एकदा हैदराबादमध्ये गच्चीबावलीच्या, आणि दोन्ही वेळेला लोक "पैसे संपले हो" एवढं बोलून विषय सोडून देतात. पैसे संपले हे खरंच. पण पैसे संपत आलेत हे कळल्यावरसुद्धा रोज कोणीतरी ठरवत असतं की याचा पगार आधी द्यायचा, त्याचा करार वाढवायचा, याला विकायचं, त्याला थांबवायचं. मला त्या ठरवण्याबद्दल बोलायचंय.

मी मूळची औंधची. बालेवाडी घरापासून जवळ, त्यामुळे आमच्या घरात फुटबॉल म्हणजे संध्याकाळी बाबांसोबत स्टेडियमला जायचं. पुण्यात किती क्लब झाले आणि गेले हे बाहेरच्या लोकांना माहितीच नसतं. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, दुसरे आले होते, दोनच वर्षांनी सीनियर टीम बंद. भारत एफसी एका सीझनपुरता. डीएसके शिवाजियन्स २०१७ पर्यंत. आणि मग आयएसएलमधला, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला, एफसी पुणे सिटी, ज्याच्यात पहिल्याच वर्षी डेव्हिड ट्रेझेगे येऊन खेळला, फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलेला माणूस बालेवाडीच्या गवतावर, बाबा आठवडाभर तेच बोलत होते. २०१७-१८ ला सेमीफायनल गाठली, बेंगळुरूविरुद्ध घरी ०-०, मग तिकडे त्यांच्या सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली आणि ३-१ नं गेलो. त्यानंतर दीड वर्षात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, मालकांकडे पैशाची अडचण आली आणि क्लब बंद झाला.

आयएसएलमधली ती जागा हैदराबादला मिळाली. विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरनेनी यांनी नवीन क्लब काढला, कोच तोच फिल ब्राउन जो पुण्याला होता, आणि खेळाडूही बरेचसे पुण्याचेच, मार्सेलिन्हो, आदिल खान, आशिष राय, निखिल पुजारी. पहिल्याच मॅचला कोलकात्यात ०-५ खाल्ले आणि सीझन तळाला संपला. मला तेव्हा राग होता, आमची टीम दुसऱ्या गावाला गेली असं वाटायचं. मग २०२१ ला नोकरीसाठी मीच हैदराबादला आले आणि ऑफिसपासून स्टेडियम इतकं जवळ की राग धरून बसणं शक्यच नव्हतं.

या क्लबनं सुरुवातीला काय बरोबर केलं ते सांगितलं नाही तर नंतरची चूक कळणार नाही. दुसऱ्या वर्षी मानोलो मार्केझ कोच म्हणून आला आणि त्यानं भारतीय पोरांवर भर दिला. आकाश मिश्रा, आशिष राय, लिस्टन कोलासो, मोहम्मद यासिर, सगळे विशीतले. लिस्टन चमकला आणि २०२१ ला मोठ्या रकमेला एटीके मोहन बागानला गेला, पण टीम मोडली नाही, कारण त्याच्या मागे दुसरे तयार होते. पोरगं घ्यायचं, खेळवायचं, मोठं करायचं, आणि गेलंच तर किंमत घेऊन जाऊ द्यायचं. छोट्या क्लबला याच्यापेक्षा चांगला धंदा नाही आणि मला तो अजिबात खटकत नाही.

२० मार्च २०२२, गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. आयएसएलची फायनल केरळ ब्लास्टर्सशी, स्टँड जवळपास सगळे केरळच्या लोकांनी भरलेले. राहुल के.पी.नं ६८ व्या मिनिटाला गोल केला आणि घरी टीव्हीसमोर मी उशी तोंडावर दाबून बसले होते. ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होरानं लांबून व्हॉली मारली, गोव्याचाच मुलगा, गोव्यातच. मग पेनल्टी शूटआउटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमनी, तोही गोव्याचा, त्यानं तीन अडवल्या. तीन! ३-१ नं शूटआउट जिंकून हैदराबाद चॅम्पियन. त्या टीमच्या यादीत आमच्याकडचा कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, माझं सासर कोल्हापूरचं, तेव्हा त्या रात्री सासूबाईंचा फोन आला की "आपला अनिकेत जिंकला". त्या सीझनला आमच्या स्ट्रायकरनं, ओगबेचेनं, १८ गोल केले होते. पुढच्या वर्षी परत लीगमध्ये दुसरे, ४२ पॉइंट्स, सेमीफायनल पेनल्टीवर गेली.

म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात तुमच्याकडे देशातली वरच्या दोनातली टीम आहे. आणि त्याच उन्हाळ्यात पगार थकल्याच्या बातम्या यायला लागल्या.

मानोलो एफसी गोव्याला गेला. ओगबेचे गेला. हालिचरण नर्झारी बेंगळुरूला. आकाश मिश्रा मुंबई सिटीला. यातलं आकाशचं जाणं मला मान्य आहे, डावा बॅक, वय कमी, मागणी जोरात, पैसे हवेत तर असाच खेळाडू विकायचा असतो आणि किंमत असतानाच विकायचा असतो. पण मग बाकीचं? नवीन परदेशी आणले. मेक्सिकोकडून खेळलेला ओस्वाल्डो अलानीस, कोस्टा रिकाचा जोनाथन मोया, ऑस्ट्रेलियाचा जो नोल्स, आणखी दोघं. हे खेळाडू वाईट नव्हते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या घरात जुन्यांचे पगार बाकी आहेत त्या घरात नवीन माणसं जेवायला बोलवायची हे कसलं नियोजन? माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे झाली, जानेवारीत नाही. जानेवारीत खेळाडू निघून गेले तेव्हा फक्त ती दिसली. तेवढ्या परदेशींच्या पैशात चॅम्पियन टीमचे सात-आठ भारतीय वेळेवर पगार घेऊन खूश राहिले असते, टीम सातवी-आठवी आली असती, आणि पुढच्या वर्षी कोणीही नवीन मालक आला असता तर त्याला हातात काहीतरी मिळालं असतं.

हे असं का म्हणते, तर फिफाचा नियम असा आहे की खेळाडूचे दोन महिन्यांचे पगार थकले आणि त्यानं लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली तरी क्लबनं भरले नाहीत, तर तो करार मोडून जाऊ शकतो. क्लबच्या हातात छदाम येत नाही, उलट देणं राहतंच. म्हणजे ज्याला काल लाखो रुपये आले असते तो आज फुकट. आणि जुनी देणी फिफाकडे गेली की नवीन खेळाडू नोंदवायला बंदी येते, तशी ती हैदराबादवर आलीही. जाणारे जातात आणि येणारा कोणी येऊ शकत नाही. पगार थकवणं हा पैसे वाचवायचा मार्ग नाहीच, तुमच्याकडची एकमेव विकण्यासारखी वस्तू तुम्ही स्वतः रस्त्यावर ठेवताय.

सीझन सुरू झाला आणि मॅचमागून मॅच जात राहिल्या, विजय नाही. परदेशी एकेक करून गेले. जानेवारीत चिंगलेनसाना आणि निखिल पुजारी बेंगळुरूला गेले, यासिर गोव्याला.

निखिलबद्दल जरा थांबते. पुण्याहून आलेला शेवटचा धागा तो होता माझ्यासाठी. पुण्यात तो विंगवर पळायचा, हैदराबादमध्ये आशिष राय गेल्यावर मानोलोनं त्याला उजवा बॅक केलं आणि तो तिथून परत इंडियाच्या टीमपर्यंत पोचला. गच्चीबावलीत माझी नेहमीची जागा उजव्या बाजूच्या टचलाइनच्या वर, तिथून त्याचा खेळ अगदी समोर दिसायचा. एक सवय होती त्याची, थ्रो-इन घ्यायच्या आधी बॉल शर्टाला पुसायचा आणि मागे वळून सेंटर बॅक कुठे उभाय ते बघायचा, दरवेळी. तो गेल्यावरच्या पहिल्या मॅचला त्या जागी एक नवीन पोरगा होता, बॉल हातात आला की लगेच फेकायचा, घाईनं, आणि दोनदा बॉल समोरच्याच्या पायात गेला. तिसऱ्या वेळी बेंचजवळून कोच थांगबोई सिंगतो काहीतरी ओरडले, पोरगा थांबला, मागे वळून बघितलं, आणि मग टाकला. मला रडू आलं खरं सांगते. कारण ही गोष्ट त्याला शेजारी उभं राहून दाखवायला निखिलसारखा एक जण ठेवायला पाहिजे होता. अख्ख्या टीममधून सगळे अनुभवी एकदम जाऊ दिले तर पोरं शिकणार कोणाकडून? ज्यांना चार जणांचेच पगार परवडतात त्यांनी ते चार जण नीट निवडावेत, एक गोलकीपर, एक सेंटर बॅक, एक मिडफिल्डर, आणि एक असा जो ड्रेसिंग रूम सांभाळेल, आणि त्यांचे पैसे एक तारखेला द्यावेत, भले बाकी काही विका.

आता तो एक स्टार. सिंगतो हे पूर्वी शिलाँग लाजाँगला असताना पोरं घडवणारे म्हणून ओळखले जायचे, आणि क्लबनं टीम त्यांच्याच हातात राहू दिली आणि सगळ्या २२ मॅच खेळून पूर्ण केल्या. टीम मध्येच काढून घेतली नाही. आलेक्स साजी, अब्दुल रबीह, माकन चोथे, रामलुनछुंगा, ही पोरं आठवड्यामागून आठवड्यात पूर्ण ताकदीच्या टीमांसमोर उभी राहिली, समोर चार-चार परदेशी आणि आपल्याकडे बहुतेक सगळी आपलीच पोरं. आकडे बघितले तर भयानक आहेत, २२ मॅचमध्ये १ विजय, ५ बरोबरी, १६ पराभव, १० गोल केले, ४३ खाल्ले, ८ पॉइंट्स, शेवटचा नंबर. पण मी स्टँडमध्ये होते. ४३ हा आकडा मॅचला दोनपेक्षाही कमी होतो आणि त्या परिस्थितीत ते कमी आहेत, मी खूप जास्त धरून चालले होते. पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत पळायची. तो एकमेव विजय चेन्नईत जाऊन आला, १-० नं, आणि शेवटची शिट्टी वाजल्यावर पोरं अशी मैदानभर धावली की कप मिळालाय.

स्टेडियमचा अनुभवही सांगते, रिव्ह्यू आहे तर. गच्चीबावलीचं बालयोगी स्टेडियम मुळात अॅथलेटिक्सचं, त्यामुळे मैदान आणि स्टँडमध्ये ट्रॅक आहे आणि खेळ जरा लांब वाटतो, बालेवाडीलाही तसंच होतं म्हणून मला सवय. त्या सीझनला गर्दी रोडावलीच. पण डेक्कन लीजनची मंडळी, म्हणजे क्लबचा सपोर्टर ग्रुप, ढोल घेऊन यायचीच. त्यांच्यातला एक जण मध्यंतराला कागदात बांधलेली उस्मानिया बिस्किटं फिरवायचा, ओळख असो नसो. टीम ०-३ नं मागे असताना बिस्कीट पुढे करून म्हणायचा "खाओ अक्का, दूसरा हाफ बाकी है". लोकांना पाचपैकी पाच, यात वादच नाही.

पुढच्या वर्षी बी.सी. जिंदाल ग्रुप मालक म्हणून आला, पैसे आले, पण उशिरा आले आणि टीम घाईघाईत जमवावी लागली, २०२४-२५ ला तेरा टीमांत बारावे. डिसेंबरमध्ये सिंगतो गेले, त्यांची जागा शमील चेंबकथ यांनी घेतली. मी मघाशी म्हटलं ते इथे दिसतं, चॅम्पियन टीमचा सांगाडा जरी उरला असता तरी नव्या मालकाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती, आणि कदाचित, हे माझं मत आहे, क्लब या गावात राहिलाही असता. जी टीम दुसरी येते ती दुसऱ्या शहरात न्यायला कोणाचंही मन धजावत नाही.

तुमच्या क्लबचा मालक अडचणीत आहे अशी कुजबुज ऐकू आली तर नवीन कोण येतंय याच्याकडे बघू नका, जुन्यांपैकी कोणाचा करार वाढवला ते बघा. फिजिओ आणि किट सांभाळणारा माणूस अजून आहे का ते बघा. कोच कोणत्या महिन्यात गेला ते बघा. आम्ही २०२३ मध्ये ओस्वाल्डो अलानीसचे जुने व्हिडिओ बघत बसलो होतो आणि मानोलो गेला याचा अर्थच लावला नाही.

आता सुट्टीत कोल्हापूरला गेले की शाहू स्टेडियमला जाते, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, तालमींच्या टीमा आणि पेठेतली माणसं. गच्चीबावलीवरून मात्र रोज ऑफिसला जाते. निखिलवाली पिवळी जर्सी कपाटात पुण्याच्या नारिंगीच्या शेजारीच आहे. डेक्कन लीजनचा तो बिस्किटवाला मागच्या महिन्यात सिग्नलला भेटला, स्कूटरवर, त्याच्याही अंगात पिवळीच होती.