काटा 80 वरून हललाच नाही

आर्द्रतेच्या मीटरचा काटा पहिल्या दिवसापासून 80 वर होता. सकाळी 80, रात्री 80, खोलीतला पंखा जोरात फिरत असला तरी 80. मला वाटायचं, काय सेटअप जमलाय!

हर्मिट क्रॅब, म्हणजे शंख पाठीवर घेऊन जमिनीवर फिरणारे खेकडे, पाळायचं खूळ भाचीचं. पैसे आणि गाढवपणा माझा. ऑनलाइन एक विक्रेता मिळाला. बोलायला इतका गोड की "ताई, विकायचं म्हणून नाही सांगत, जीव जगला पाहिजे" हे वाक्य त्याने मला तीनदा ऐकवलं. त्याच्याकडून संपूर्ण संच घेतला: दोन खेकडे, तारेचा पिंजरा, तळाला टाकायची रंगीत खडी, वाटीत बुडवून ठेवायचा स्पंज, चार रंगवलेले शंख आणि तो गोल काट्याचा मीटर. खेकडे "आमच्याकडेच पैदास झालेले" आहेत असं सांगणारं छापील कार्डसुद्धा होतं.

त्या कार्डाचं आधी सांगते. या खेकड्यांची पिल्लं समुद्राच्या पाण्यात जन्मतात, तिथे तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून किनाऱ्यावर येतात. टाकीत ती जगवणं फार थोड्या लोकांना जमलंय. विकायला येणारे जवळजवळ सगळे खेकडे किनाऱ्यावरूनच उचललेले असतात. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर कार्ड वाचतानाच थांबले असते.

तीन आठवड्यांत दोघंही मलूल झाले. दिवसभर एका कोपऱ्यात, अन्नाला तोंड नाही. मोठ्याचा एक पाय गळून खडीत पडलेला सापडला. मी घाबरून विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मीटर किती दाखवतोय?" मी म्हटलं, 80. "मग हवा उत्तम आहे ताई, जागा कमी पडतेय. अपग्रेड करा."

केलं. काचेची टाकी, तयार माती, समुद्री मिठाचं पाकीट आणि "तपासून दिलेला" नवा मीटर. पहिल्या संचाच्या दुप्पट पैसे, तेही त्याच्या सांगण्यावरून थेट त्याच्या खात्यावर, कारण "वेबसाइट मधले पैसे खाते". नवा मीटरही टाकीत ठेवल्याबरोबर 80. इथे मात्र खटकलं. काचेवर वाफेचा मागमूस नाही, माती हाताला कोरडी, आणि काटा 80?

मीटर तपासायची सोपी युक्ती आहे, घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एकाच हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर 72 दाखवत असेल तर तो 3 ने कमी दाखवतो, इतकं कळलं की पुरे. माझे दोन्ही मीटर सकाळी 80 वर. मग एक उन्हात ठेवला: 80. दुसऱ्यावर तोंडाने वाफ सोडली: 80.

शेवटी सुरीच्या टोकाने मागचं झाकण उचकटलं. अशा मीटरमध्ये पातळ पट्टीची गुंडाळी असते, दमट हवेने ती सैल-घट्ट होते आणि काटा फिरतो. माझ्या मीटरमध्ये गुंडाळी नव्हतीच. काटा एका खिळीवर बसवलेला, आणि त्याच्या मुळाशी वाळलेल्या गोंदाचा पिवळट थेंब. दुसऱ्यातही तसाच थेंब, तिथेच. म्हणजे चुकून झालेलं नाही, कुणीतरी बसून प्रत्येक काटा 80 वर चिकटवलाय.

डिजिटल मीटर आणला. मीठ-पिशवीत त्याने 74 दाखवले, टाकीत 46. हा खेकडा जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो, आणि कल्ले ओले राहण्यासाठी हवेत सुमारे 75 ते 85 टक्के आर्द्रता लागते. कोरड्या हवेत तो हळूहळू गुदमरतो, कधीकधी कित्येक आठवडे. तारेच्या पिंजऱ्यात तर ओल टिकणं शक्यच नाही. मी ज्याला सुस्ती समजत होते ते हे होतं.

मग पाकीट बघितलं. "समुद्री मीठ" हे लेबल चिकटवलेलं होतं, कोपरा सोलला तर खाली स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ. या खेकड्यांना गोड्या पाण्याची एक वाटी लागते, त्यातलं क्लोरीन काढलेलं, आणि खाऱ्या पाण्याची दुसरी. खारं पाणी मत्स्यालयाच्या सागरी मिठाचंच हवं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. जेवणातल्या मिठात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं.

पण सगळ्यात जास्त राग ज्याचा आहे ते अजून सांगितलंच नाही. अपग्रेड झाल्यावर मोठा खेकडा मातीत शिरला आणि दहा दिवस दिसला नाही. विक्रेता म्हणाला, "मेला असेल, उकरून काढा, सडला तर दुसराही जाईल. बदली खेकडा निम्म्या किमतीत देतो." मी चमच्याने उकरलं. खाली तो जिवंत होता. फिकट, दुधट रंगाचा, हात लावला तर मऊ, आणि शेजारी त्याची आख्खी कात, नांग्यांसकट. तो कात टाकत होता. त्यासाठी ते महिनाभर जमिनीखाली राहतात, मोठे दोन महिने किंवा जास्तही, आणि टाकलेली कात खाऊनच नवं कवच टणक करतात. मेलेल्याला कुजक्या मासळीचा वास येतो, तो वास येत नाही तोवर माती हलवायची नसते. मी त्याला परत ठेवला, पण दोन दिवसांत गेला. ज्याला रोज खेकडे विकायचेत त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

पैसे मागितले तर आधी "ताई, तुमचीच चूक", मग ब्लॉक. थेट खात्यावर दिल्यामुळे वेबसाइटनेही हात वर केले. संभाषणाचे स्क्रीनशॉट मी सुरुवातीपासून ठेवले नव्हते, ते ठेवा.

उरलेल्यासाठी टाकी नव्याने लावली. पाच भाग साधी वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), खाऱ्या पाण्याने इतकं भिजवलेलं की मुठीत दाबलं तर किल्ल्याच्या बुरुजासारखं उभं राहील. थर 15 सेंटिमीटरच्या वर, खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट तरी हवाच. हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, तळाखाली नाही, मागच्या काचेला, मातीच्या थराच्या वर. खाली लावली तर पुरलेला जीव भाजून निघतो. झाकण काचेचं. रंगवलेले शंख फेकले, त्यांचे पापुद्रे हे खेकडे खातात. गोल तोंडाचे बिनरंगी टर्बो शंख उकळून ठेवले. दुसऱ्या रात्रीच त्याने घर बदललं आणि लाल-पिवळा शंख तिथेच टाकून गेला.

तो डिजिटल मीटर घेण्याआधी तीन विक्रेत्यांना एकच विनंती केली होती: मीटरवर तोंडाने वाफ सोडतानाचा व्हिडिओ पाठवा. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसरा म्हणाला, "कंपनीचा माल आहे, विश्वास ठेवा." तिसऱ्याने काही न बोलता अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला, त्यात आकडा 52 वरून 88 वर गेला. त्याच्याकडून घेतला.